उलट्या अंगानं जोडलेला फोटो

कोणाला काही न सांगता एखादी वस्तू आणायची, त्याच्यापुढे ठेवायची आणि मग त्याचं तोंड बघत बसायचं, ही माझी जुनी खोड. आई म्हणायची, तुले दुसऱ्याच्या आनंदाची फार घाई असते. ती खोड आता मोडली. कशी मोडली ते सांगते.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि जीभ जड झाली, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. नक्की किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण दाखल्यावरची तारीख मास्तरांनी आपल्या सोयीनं टाकलेली. त्यांची सगळी उमर नागपुरातल्या एका कापड मिलमध्ये गेली. आधी विणकर, मग जॉबर, म्हणजे एका रांगेतल्या मागांचा आणि त्यांवरच्या माणसांचा मुकादम. मिल बंद पडून जमाना झाला. मिलच्या चाळीतून दोघांना मी मनीषनगरला माझ्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा सामानात सगळ्यात वर, चादरीत गुंडाळून, बाबांनी एक चौकट ठेवली होती. एका औद्योगिक प्रदर्शनात मिलच्या दालनात माग चालवून दाखवल्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र. मधोमध वळणदार अक्षरात बाबांचं नाव, खाली साहेबाची सही.

आमचं घर त्या कागदावर उभं आहे, असंच मी लहानपणापासून ऐकत आले. तो मिळाला म्हणून बाबा जॉबर झाले, जॉबर झाले म्हणून मी शिकले, शिकले म्हणून सरकारी कचेरीत चिकटले. चाळीतल्या कुठल्या पोरानं परीक्षेत दिवे लावले की त्याचा बाप त्याला कान धरून आमच्याकडे आणायचा आणि त्या चौकटीपुढे उभा करायचा. बाबा खाटेवर बसून पाहत राहायचे. बोलायचे नाहीत. मला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा.

त्याच सामानात आईनं आणलेली वस्तू बोटाएवढी होती. एक पितळी आकडा, मागाच्या फणीतून सूत ओढून घ्यायचा. तो तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या मामाचा. मी त्याला पाहिलेलं नाही, तो गेला तेव्हा मी आईच्या पोटात होते. आईचं माहेर कुहीकडचं. तिथून तो बहिणीच्या आधारानं मिलमध्ये आला आणि बदली कामगार म्हणून लागला. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकावर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी तेवढ्या दिवसापुरतं काम, नाहीतर घरी परत. तसं सहा-सात वर्षं केलं, मग छाती खराब झाली आणि खेड्यात परत जाऊन तो मेला.

त्याचा फोटो नव्हता, एकही. त्या काळी आमच्या लोकांत लग्नाचाही फोटो निघत नसे, तर बिनलग्नाच्या पोराचा कोण काढतो. त्याच्या स्मृतिदिनाला आई तथागतांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, आणि दुसऱ्यांच्या घरी जिथे गेलेल्याची तसबीर असते तिथे बशीत तो आकडा ठेवायची. मी लहान असताना विचारलं होतं, मामा कसा दिसायचा गं. ती म्हणाली होती, "आवाज आठवते वं. तोंड पुसत चाललं." हे सांगताना ती रडली नव्हती, घाबरली होती.

बाबांना ती दर वर्षी त्याच दिवशी विचारायची, "मिलमधी कधी कोणाचा फोटो निघाला नाही का? त्यात असन तो कुठंतरी कोपऱ्यात."

"मिलमधी कामाले जात होतो, फोटो काढाले नाही," बाबा म्हणायचे, आणि चप्पल घालून बाहेर पडायचे.

झटक्यानंतर व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. तिनं सांगितलं की बारीक वस्तू उचलल्या तरच बोटं परत चालतील, तांदूळ निवडायला द्या. बाबांनी ताट सरकवलं. "मी काय बाई हाय तांदूळ निवडाले?"

"बाईनं निवडले म्हणून तं जन्मभर खडा नाही लागला दाताले," आई म्हणाली. पण ताट परत नेलं.

त्याच सुमारास माझ्या फोनवर तो फोटो आला. जुन्या मिल कामगारांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. बाबांच्या वतीनं मी त्यात होते. सकाळी सुप्रभात, दुपारी कोणी वारल्याची बातमी, एवढाच त्याचा उपयोग. एक दिवस कोणीतरी एका जुन्या स्मरणिकेतलं पान टाकलं. त्यावर प्रदर्शनातल्या मिलच्या दालनाचा फोटो होता. वर पताका, मागे कापडाच्या ताग्यांची भिंत, मधे चबुतऱ्यावर एक माग, बाजूला टाय लावलेले तीन साहेब आणि मागापाशी ओळीनं उभे पाच कामगार, छातीवर पितळी बिल्ले. खाली बारीक अक्षरात नावं. डावीकडून चौथं नाव बाबांचं.

मी नाव वाचलं, फोनच्या काचेवर बोटानं चौथं डोकं मोठं केलं. तांदळाएवढ्या तोंडाचं उडदाएवढं झालं. बारीक मिशी, टोपी, हडकुळा गळा. त्या वयातले बाबा मी कुठे पाहिले होते? नाव होतं, झालं. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. आपण पाठवू त्या फोटोचं जिगसॉ पझल करून देणारे लोक असतात, हे मला कचेरीतल्या एकीनं सांगितलं होतं. पाचशे तुकड्यांचं मागवलं. खालच्या ओळी कापून टाकल्या, कारण नुसता फोटो बरा दिसतो असं दुकानदार म्हणाला. औषधही होईल आणि आनंदही, एका दगडात दोन पक्षी.

डबा आला. मी तो बाबांच्या मांडीवर ठेवला आणि समोर बसले, तोंड बघायला. झाकणावर सगळा फोटो होता. बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांचा डावा हात झाकणावरून फिरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, साधलं.

"कुठून आणलं हे?" त्यांनी विचारलं. जड जिभेनं एकेक शब्द बाहेर यायला वेळ लागायचा.

मी सांगितलं.

"तुया मायनं पाह्यलं का?"

"तिले कुठं दिसते बाबा," मी म्हटलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माणसं ती आवाजावरून ओळखायची, टीव्ही कानानं पाहायची. शस्त्रक्रियेची तारीख काही महिन्यांनंतरची मिळाली होती.

बाबांनी डबा उघडला, तुकडे खाटेवर ओतले आणि झाकण माझ्या हातात दिलं. "हे ने इथून. पाहून पाहून करणं म्हणजे कॉपी करणं होय."

मी ते झाकण कपाटावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांना सांगितलं की आमचे बाबा झाकण न बघता पझल लावणार आहेत. लकडगंजला जाऊन आरागिरणीवरून प्लायवूडचे दोन सारखे तुकडे कापून आणले. एक खाली, जेवणाच्या टेबलावर, आणि एक रात्री वरून झाकायला.

पहिल्याच संध्याकाळी पाहिलं तर बाबांनी पाचशेच्या पाचशे तुकडे पालथे घातले होते. सगळा करडा पुठ्ठा. चित्र खाली, पाठ वर. मला वाटलं, झटक्यानं डोक्यालाही काही झालं. मी सुलटे करायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. डाव्या हाताचा होता, तरी लागला.

"मिलमधी आमी कापड उलट्या अंगानंच पाहो," ते म्हणाले. "गाठी तिकडंच राहतेत. सुलटं अंग गिऱ्हाइकाचं, उलटं विणकराचं."

व्यायामवाली मुलगी तर खूशच झाली. चित्राचा आधार नाही म्हणजे नुसता आकार चाचपून लावायचं, म्हणजे बोटांना दुप्पट मेहनत. "अंकल तो एकदम जिनियस निकले," ती म्हणाली. हेही मी कचेरीत सांगितलं.

त्या संध्याकाळी आमच्या घरातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी होत्या, आणि हे मला आज लिहिताना नको वाटतं. चहा झाला की बाबा टेबलापाशी खुर्चीत बसायचे. शेजारी आई. तिला दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. ती परातीतला एकेक तुकडा चाचपायची, "याले दोन कान आन् एक खड्डा," असं म्हणून बाबांच्या हातात द्यायची. बाबा तो फिरवून फिरवून लावायचे. बसला की ती हसायची. एवढं डोक्याला डोकं लावून बसलेलं मी त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं. फक्त कधी तिनं एखादा तुकडा सुलटा करून डोळ्यांजवळ नेला की बाबा खेकसायचे, "काहून हात लावून राहिली, दे इकडं." ती देऊन टाकायची.

दोन महिन्यांत उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा चालायला लागला. तीन महिने होत आले तसा करडा चौकोन भरत आला. मधेच आईच्या डोळ्यांची तारीख पुढे सरकण्याऐवजी अलीकडे आली. तेव्हापासून बाबा म्हणू लागले, पुरे झालं, भर डब्यात. मी म्हटलं, एवढ्यावर आल्यावर कोणी सोडतं का? ते बसायचे. चालत्या मागावरून कापड अर्धं सोडून उठायची सवय नव्हती, आणि ते बोट चालण्याचं सुखही असेल. एका शनिवारी शेवटचा तुकडा त्यांनी उजव्या हातानं बसवला. मी टाळ्या वाजवल्या.

"झालं," ते म्हणाले. "आता तोड. टेबल मोकळा कर."

"आधी सुलटं करून पाहू, मग बघू."

"मोडन. राहू दे."

"नाही मोडत बाबा. दोन फळ्या कशाले आणल्या मग?"

"मी म्हणून राहिलो नं, तोड." एवढ्या मोठ्यानं ते झटक्यानंतर कधी बोलले नव्हते. मला वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाला आपल्याच मेहनतीची लाज वाटते, असा शहाणा अर्थ मी त्यातून काढला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन हिरवी पट्टी उतरल्याला पंधरा दिवस झाले होते, नवा चष्मा त्याच आठवड्यात आलेला. ती घरभर फिरून भिंतींवरचे डाग मला दाखवत होती, एवढा पसारा आपण पाहत नव्हतो तेच बरं होतं म्हणत होती. बाबा खाटेवर पडले होते. मी वरची फळी ठेवली आणि आईला म्हटलं, दुसऱ्या बाजूनं धर. एक, दोन, तीन म्हणून आम्ही दोघींनी ते उलटवलं. मी फळी उचलली.

एक तुकडा हलला नव्हता. पताका, ताग्यांची भिंत, साहेब, माग. मी बाबांकडे वळून म्हणणार होते की बघा, तेवढ्यात आई टेबलावर वाकली. चष्मा जवळ नेला, लांब नेला. मग बोट ठेवलं.

"हा तं माया भाऊ होय."

"नाही आई, ते बाबा होत. खाली नाव होतं, मी वाचलं."

"नाव असन." तिचं बोट हललं नाही. "माया भावाले मी नाही ओळखीन? हा सदरा मी शिवला हातानं. कॉलरीले कापड पुरलं नाही तं माया लुगड्याचं लावलं. पाह्य."

मी वाकून पाहिलं. चौथ्या माणसाच्या सदऱ्याची कॉलर बाकी सदऱ्याहून गडद होती. आईनं दुसऱ्या बोटानं त्याचा कान दाखवला, डोकं जरा एका अंगाला कललेलं दाखवलं. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "असाच उभा राहे वं. असाच. मी म्हणत होती नं, तोंड पुसून गेलं. नाही गेलं. हे पाह्य, आठवलं." ती त्या करड्या तोंडावरून बोट फिरवत होती आणि रडत होती, आणि आनंदानंच रडत होती. थोडा वेळ तर मलाही आनंदच झाला. मग तिनं मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं.

बाबांनी डोळे मिटले होते.

"तुमाले माहीत होतं," आई म्हणाली. तिनं विचारलं नाही, नुसतं म्हटलं.

ते बोलायला लागले. तुटक, मधेच लाळ पुसत. मिलमध्ये रिवाज होता, पक्का कामगार महिन्यातली एखादी पाळी आपल्या नात्यातल्या बदलीवाल्याला द्यायचा, त्याला तेवढी हजेरी मिळावी म्हणून. पण ते फाटकावर सांगून, हजेरीपटावर त्याचं नाव चढवून. प्रदर्शनाच्या आठ दिवसांसाठी पाच विणकरांची निवड झाली, त्यात बाबा होते. नेमकी त्यांना कावीळ झाली.

"तू तवा खेड्यावर होती, धान कापाले," ते आईला म्हणाले. "सांगतलं असतं तं दुसऱ्याचं नाव लागलं असतं. म्हणून मी त्याले माया बिल्ला देल्ला. म्हटलं, जाय, उभा राह्य माया जागी. साहेब लोक बिल्ला पाहतेत, तोंड कोण पाहते."

मामा आठ दिवस बाबांच्या बिल्ल्यावर उभा राहिला. त्याचा हात बाबांपेक्षा साफ होता, हे बाबांनीच सांगितलं. साहेबांना काम आवडलं. कागद आला तो बिल्ल्याच्या मालकाच्या नावानं. खरं सांगावं तर दोघांचीही नोकरी जाणार.

"त्यानंच म्हटलं, भाऊजी राहू द्या. तुमी जॉबर झाले तं मले पक्कं करान."

"मंग?" आई म्हणाली. "केलं का?"

"भेव वाटे. त्याचं नाव वर गेलं की कोणी जुना फोटो काढून पाहीन. आज करू, उद्या करू..."

"आन् फोटो?"

"कागदासंग एक आला होता. चुलीत घातला. तो विचारे रोज, फोटो आला का. मी म्हणो, नाही आला."

आई उभीच होती, टेबलाची कड धरून. मला वाटलं संपलं. पण बाबांना थांबता येईना. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं, ते शेवटापर्यंत बाहेर काढल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

"खोकला झाला त्याले. बदलीवाल्याले कामगार दवाखान्याचं कार्ड नसे. तो आला मायाजवळ. म्हणे, भाऊजी, तुमचं कार्ड द्या, तुमच्या नावानं दाखवून येतो. मी नाही देल्लं."

"काहून?"

"सापडलो असतो तं जॉबरी गेली असती."

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. आई आत गेली, गॅस बंद केला, पेलाभर पाणी आणलं आणि बाबांच्या ओठांना लावलं, कारण इतकं बोलून त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. ते प्यायले. तिनं पेला धुऊन पालथा घातला. त्या दिवसापासून ते जाईपर्यंत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

मला बाबांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या खाटेकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी मला स्वतःचाच राग आला. ते कार्ड कोणासाठी जपलं? जॉबरी टिकली म्हणून माझी फी भरली गेली, माझ्या पायात चप्पल आली. मामा मेला तेव्हा मी पोटात होते, म्हणजे खाणारं आणखी एक तोंड येतंय हे बाबांना ठाऊक होतं. त्यांनी हे कधी सबब म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्यांचं तोंड बंद केलं असतं. पण हिशेब मला आपोआप कळला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना.

टेबलावरचं पझल आईनं हलवू दिलं नाही. आम्ही खाली बसून जेवू लागलो. तिनं मला फोनमधला मूळ फोटो देऊन पाठवलं, चौथा माणूस तेवढा मोठा करून आण म्हणून. स्टुडिओवाला म्हणाला, मॅडम, फाटेल, ठिपके येतील. आले. लांबून पाहिलं की माणूस, जवळ गेलं की नुसते ठिपके. आईनं तो आकड्याच्या बशीमागे उभा केला. भिंतीवरच्या चौकटीकडे पाहून मी विचारलं, हे उतरवू का.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यानंच कमावलं हाय."

बाबांना ती दोन वेळा आपल्या हातानं भरवायची, अंग पुसायची, कूस बदलून द्यायची. ते "अवं" म्हणून हाक मारायचे. ती पुढचा घास करायची. ते म्हणायचे, "बोल नं. शिव्या दे." ती तोंड पुसून द्यायची. मी मधे पडायचा प्रयत्न केला तर तिनं मला एकच वाक्य ऐकवलं, "तो बी हाका मारत मेला वं, मी जवळ होती." मी पुन्हा मधे पडले नाही. हळूहळू बाबांनी टेबलाकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून पडू लागले. व्यायाम सोडला. चालू लागलेली बोटं परत आखडली. एकदा मला म्हणाले, "पालथे होते तरी मले समजे, कोणता तुकडा त्याच्या तोंडाचा. तो मी तिच्या हातून घेतला." मला त्यांची कीव आली आणि ती आली याचाही राग आला.

सात महिन्यांनी, पहाटे, दुसरा झटका आला आणि ते गेले. आईनं त्यांचे डोळे मिटवले. पांढरी चादर तिनंच काढून दिली. रडली नाही, आणि रडल्याचं सोंगही केलं नाही.

मी गटावर दोन ओळींची बातमी टाकली. घाटावरून आलो, आंघोळी झाल्या, तेव्हा फोन पाहिला. कोणीतरी उत्साही माणसानं तोच प्रदर्शनातला फोटो पुन्हा टाकला होता. चौथ्या माणसाभोवती तांबडं वर्तुळ, त्याच्या गळ्यात काढलेला झेंडूचा हार, खाली बाबांचं पूर्ण नाव आणि 'मिलचे मानकरी'. त्याखाली ओळीनं लोकांची विनम्र आदरांजली, जोडलेले हात.

"काय हाय?" आईनं विचारलं. मी फोन लपवायला हवा होता. पण त्या घरात लपवालपवी पुरे झाली होती. मी दाखवला.

ती बराच वेळ पाहत होती. हार घातलेला भाऊ, खाली नवऱ्याचं नाव. माझ्या मामाला दुसऱ्यांदा बाबांच्या जागी उभं केलं होतं, आणि या वेळी मेलेला म्हणून.

"लिही," ती म्हणाली. "हा तो नव्हे म्हणून लिही. माया भाऊ हाय म्हणून लिही. त्याचं नाव लिही, बापाच्या नावासकट."

"आई, आज? अजून राख थंड नाही झाली."

"त्याची कवाच झाली."

मी लिहायला बसले. फोटोतली चौथी व्यक्ती माझे वडील नसून माझे मामा आहेत, असं लिहिलं, पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'बदली कामगार' लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"बदली नको लिहू. विणकर लिही."

विणकर लिहिलं आणि पाठवलं. मला वाटलं, आता गट पेटणार. लोक विचारतील, कोण म्हणतं, कशावरून, आज हे कशाला. तसं काही झालं नाही. मग एका म्हाताऱ्याचं आलं, बाबांच्याच रांगेत माग चालवणाऱ्याचं. बोलून टाइप केल्यासारखं, जसं बोलला तसं.

"पोरी, आमाले माहीत होतं. त्या रांगेत सगळ्यायलेच माहीत होतं. जॉबरच्या पुढं कोण बोलन."

त्याच्याखाली आणखी एकानं नुसतं 'होय' लिहिलं. मग आणखी एकानं.

आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि नव्या चष्म्यातून, अक्षराला अक्षर लावून, स्वतः वाचला. वाचून झाल्यावर तिनं भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं, मग खालच्या रिकाम्या खाटेकडे.

"दर रविवारी येत होते हे सगळे," ती म्हणाली. "त्या कागदाखाली बसून माया हातचा चहा पेत होते."